पोट दुखते, असे लिहिले

आमच्या एरंडोल तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात केसपेपर लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे, आणि अठरा वर्षांत एकही गलिच्छ शब्द माझ्या लेखणीतून उतरलेला नाही. बायांच्या तक्रारी आमच्याकडे बायांनी सांगायच्या नसतात. सोबतचा पुरुष सांगतो, मी लिहितो, बाई तोंडाला पदर लावून उभी राहते. सगळं कसं शिस्तीत.

सत्त्याऐंशी साली लोटन आपल्या बायकोला, शेवंताबाईला घेऊन आला. लघवी करताना तिची आग आग व्हायची, ओटीपोटात कळा यायच्या, तासाला चारदा उठावं लागायचं. हे तिनं जावेला सांगितलं, जावेनं सासूला, सासूनं लोटनला. माझ्या खिडकीशी येईपर्यंत दुखणं पुरतं सोवळं झालं होतं.

"पोट दुखस," लोटन म्हणाला.

मी लिहिलं: पोट.

पोटावर जंताच्या गोळ्या दिल्या. फरक पडेना, म्हणून धुळ्याला एका सर्जननं अपेंडिक्स काढलं. ते तपासणीत निरोगी निघालं; लोटननं पेढे वाटले. मग जळगावला गर्भाशय काढलं. तेही ठणठणीत! नियमाप्रमाणे लघवी तपासली, तीही स्वच्छ. इतके निर्दोष अवयव असलेली बाई विव्हळते म्हणजे काय? 'रुग्ण सहकार्य करीत नाही' असा शेरा पडला. सासूनं निकाल दिला, "बठ्ठं नाटक शे."

शेवंताबाईनं पाणी पिणं सोडलं. एस.टी.त बसणं सोडलं. पोटच्या पोरीच्या लग्नात ती मांडवाऐवजी परसातच बसून होती. माणसं हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

त्र्याण्णव साली दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी भलताच बेशिस्तपणा केला. लोटनला बाहेर बसवलं आणि थेट पेशंटलाच विचारलं, "अक्का, तुम्हाला कुठं दुखतं?"

शेवंताबाईनं दाराकडे बघून तोंडावरचा पदर काढला. मग म्हणाली, "पोट नई दुखस, बाई. मुतानी जागे आग पडस. सहा वरीस व्हई ग्यात."

अरे देवा! माझे कान तापले.

डॉक्टरीणबाई मात्र शांत. लघवी साठली की कळ वाढते का, मोकळं झालं की थांबते का, असलं काहीबाही त्या चांगली पंधरा मिनिटं विचारत होत्या. "हा मूत्राशयाचा जुनाट आजार दिसतो," त्या म्हणाल्या. "यात लघवीचा रिपोर्ट चांगलाच येतो. मोठ्या हॉस्पिटलात दुर्बिणीनं आतून बघतील. उपाय आहेत, अक्का."

शेवंताबाई ढसाढसा रडायला लागली. "मंग मी येडी नई शे ना, बाई?"

बाईंनी मला मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहायला सांगितली, कोऱ्या कागदावर सही ठोकली आणि त्या कुटुंबनियोजनाच्या शिबिराला पळाल्या.

मी लेखणी टेकवली. ही चिठ्ठी दहा माणसं वाचणार, वर आपल्या दवाखान्याचा शिक्का. एका संसारी बाईची अब्रू माझ्या हातात होती. मी ती राखली. लिहिलं: पोट.

तिथं तिचं पित्ताशय काढलं. निरोगी होतं म्हणतात.

नाकं मुरडू नका. शेवंताबाईचं ते वाक्य वाचताना मागून घरातलं कोणी बघतंय का, हे तुम्हीही पाहिलंत. तुमच्याही घरातली एक बाई हल्ली पाणी कमी पिते, लग्नाकार्याला जायचं टाळते. काय होतं हो तिला? सांगा, मी लिहून घेतो.

पोट ना?