वाघमारेसाहेब, व्हॅन आणि अठ्ठेचाळीस वळणं

आमच्या सोसायटीतले वाघमारेसाहेब आठ महिने डोंबिवलीत उजव्या बाजूने चालत होते. गल्लीत उजवीकडून, मंडईत उजवीकडून, जिन्यातही उजवीकडून. दळणाचा डबा घेऊन वर येणाऱ्या जोशीकाकू त्यांच्यासमोर येऊन थांबायच्या, साहेबही थांबायचे, आणि शेवटी काकूच बाजूला सरकायच्या. "युरोपात असंच आहे, वहिनी. लिहून घ्या," साहेब सांगायचे. जोशीकाकूंना युरोपात जायचं नव्हतं. त्यांना तिसऱ्या मजल्यावर जायचं होतं.

युरोपात जायचं होतं आम्हाला. रविवारी सकाळी मोटरसायकली काढायच्या, शहाडचा पूल ओलांडायचा आणि माळशेज घाट गाठायचा, असा आमचा चौघांचा शिरस्ता. साहेब, मी, दातांचे डॉक्टर नेने आणि आमच्यातला सगळ्यात तरुण, म्हणजे पंचेचाळिशीचा पराग. त्यानेच बेत आखला. दहा दिवस, भाड्याच्या गाड्या, म्युनिकहून ऑस्ट्रिया, तिथून इटली आणि शेवटी स्टेल्व्हिओ नावाचा अठ्ठेचाळीस वळणांचा घाट.

साहेबांचं वय एकसष्ट. अंबरनाथच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून जन्म गेला. निवृत्ती कारखान्यातून मिळाली, सेफ्टीतून नाही. शहाडपर्यंत जायचं असलं तरी निघण्याआधी दहा मिनिटं सूचना. "सुहास, हेल्मेटची क्लिप लावलीस? मला आवाज नाही आला." मग ती काढून परत लावायची, त्यांना ऐकू जाईल अशी. प्रत्येक सूचनेच्या शेवटी "लिहून घ्या". आजवर कुणी काही लिहून घेतलेलं नव्हतं. गाडी मात्र ते नेहमी सगळ्यांच्या मागे ठेवत. मागे कुणी राहायला नको, हा त्यांचा नियम.

त्या घाटाचा फोटो त्यांनी फ्रिजवर लावला होता. पुण्याच्या लेकीने अट घातली होती, एवढी एक ट्रिप आणि मग मोटरसायकल कायमची बंद. साहेबांनी ती मुकाट्याने मान्य केली होती. म्हणजे तो घाट चढायची त्यांची ही पहिली आणि शेवटची संधी.

त्यांच्या सरावात एक गोची होती, ती आमच्या कुणाच्याच लक्षात आली नाही. आपल्याकडे गाडी उजवीकडून हाकणं नियमात बसत नाही, त्यामुळे सराव फक्त पायी. गाडीवर बसले की साहेब कटाक्षाने डावीकडे. आठ महिन्यांत त्यांनी शरीराला अगदी पक्कं शिकवलं होतं की पायी उजवीकडे आणि गाडीवर डावीकडे. म्युनिकमध्ये नेने आणि मी, एक दिवसही सराव न केलेले, परागच्या मागोमाग मुकाट उजवीकडून निघालो. साहेब पहिल्याच चौकात डावीकडे शिरले आणि एका दुधाच्या टँकरसमोर जाऊन उभे राहिले. टँकरही उभा राहिला. पण तो काही जोशीकाकूंसारखा बाजूला सरकेना.

संध्याकाळी हॉटेलात परागने विषय काढला. "साहेब, राग मानू नका. उद्यापासून तुम्ही व्हॅनमध्ये बसा. घाटात असं झालं तर तुमच्या मुलीला मी काय तोंड दाखवू?"

आमच्या मागून एक व्हॅन यायची. तिच्यात बॅगा, आणि बंद पडलेल्या गाड्या चढवायला मागे एक ट्रॉली.

"व्हॅनमध्ये सामान बसतं," साहेब म्हणाले. मग म्हणाले, "मला तीन दिवस दे. एक चूक झाली तर चावी मीच तुझ्या हातात ठेवतो. लिहून घे."

परागने खरंच फोनवर लिहून घेतलं. साहेब जरा दचकलेच.

पुढचे तीन दिवस आमच्या हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर एकच कार्यक्रम चालू होता. "उजवं. उजवं. चौक. उजवं. गाय. उजवं." ऑस्ट्रियाचं निसर्गसौंदर्य मी या पार्श्वसंगीतावर पाहिलं. पण चूक म्हणाल तर एकही नाही. तिसऱ्या संध्याकाळी परागने फोनवरचं ते कलम सगळ्यांसमोर पुसून टाकलं. "साहेब, उद्याचा घाट तुमचा." साहेबांनी नुसती मान हलवली, आणि जेवताना दोनदा सूप घेतलं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. माळशेज मी पन्नासदा चढलोय आणि त्याबद्दल पाचशेदा बोललोय. स्टेल्व्हिओच्या अकराव्या वळणावर वरून एक बस उतरली. मी कडेला थांबलो आणि सहज खाली पाहिलं. आम्ही चढून आलेला सगळा रस्ता माझ्या बुटाखाली लोंबत होता. बस गेली. पराग आणि नेने पुढे गेले. माझा हात क्लच सोडायला तयार होईना. त्या वयात, त्या पोशाखात, मला आई आठवली.

साहेब शेजारी येऊन थांबले. "काय रे?" त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या हेल्मेटवरचं बटण दाबून इंटरकॉम बंद केला आणि स्वतःच्या इंटरकॉमवर म्हणाले, "पराग, तुम्ही व्हा पुढे. माझा गुडघा धरलाय. सुहासला मदतीला थांबवून घेतलंय. आम्ही व्हॅनमधून येतो."

आठ महिने जिन्यात जोशीकाकूंना अडवणाऱ्या त्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

उरलेली सदतीस वळणं आम्ही बॅगांशेजारी बसून पाहिली. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही जा ना. मी बसतो एकटा. तुम्हाला परत कधी मिळणार हे?"

"एकटं नाही बसायचं," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "कंपनीत एक फिटर चिमणीच्या शिडीवर असाच अडकला होता. खाली सगळे हसले. मी पण हसलो. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आलाच नाही." थोड्या वेळाने त्यांनी बाटली पुढे केली. "पाणी पी." मला रडू आलं. ते खिडकीबाहेरच बघत राहिले.

माथ्यावर साहेब उजव्या पायाने लंगडत उतरले. संध्याकाळी हॉटेलात डाव्या पायाने लंगडत होते. नेने डॉक्टरांनी दोन्ही पाय पाहिले आणि आपला विषय दात असल्याचं सांगितलं.

परत आल्यावर सोसायटीने हॉलमध्ये आमचा छोटासा सत्कार ठेवला. माझी बायको पहिल्या रांगेत होती. साहेब माइकसमोर उभे राहिले. घाट अवघड होता, ऐनवेळी आपल्या गुडघ्याने दगा दिला, असं सांगून ते म्हणाले, "पण या सुहासने माझ्यासाठी घाट सोडला. माझ्यासोबत व्हॅनमध्ये बसला. अशी माणसं हल्ली मिळत नाहीत."

सगळा हॉल माझ्याकडे पाहायला लागला. बायकोने पदर डोळ्यांना लावला. खरं काय ते सांगायला मी उठलो. उठलो, हात जोडले, आणि काहीच बोललो नाही. टाळ्या सुरू झाल्या. सगळ्यांत जोरात साहेबच वाजवत होते.