कुसुमताईंचं ‘जर-तर’

कुसुमताई वांगीसुद्धा अट घातल्याशिवाय घेत नसत. “जर वांगं किडकं नसेल तर अर्धा किलो दे, नाहीतर भेंडी दे. भेंडीही जून असेल तर काहीच नको.”

दहिवलीत आमच्या आळीला भाजी आणणारी रखमा वैतागायची. “बाई, घ्याचं हाय का नाय? मला अजून फिराचं हाय!”

ताई आमच्या शेजारीण. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. पायाला भिंगरी. बसल्या की उठायच्या, उठल्या की चपला शोधायच्या. कर्जतच्या बाजारात साडीच्या दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास निघाला. तेव्हा ही वस्तू आम्ही फक्त ऐकून होतो. ताईंनी कॉलेजच्या पोरांत जाऊन नाव घातलं. यंत्र एकच, त्यात वीज जायची. मग सराव माझ्यावर.

“भाऊजी, तुम्ही यंत्र व्हा. स्वतःची अक्कल चालवायची नाही. जर दूध वर आलं आणि मी ओट्याजवळ नसेन, तर गॅस बंद करा.”

दूध वर आलं, उतू गेलं. मी ढिम्म.

“अहो, बंद करा की!”

“तुम्ही ओट्याजवळच आहात.”

ताईंचा चेहरा उजळला. “‘आणि’ चुकलं! ‘किंवा’ हवं!”

दुसऱ्या दिवशी ‘किंवा’ घातलं. ताई सवयीने दारात डोकावायला गेल्या आणि मी लगेच गॅस बंद केला. दूध गारच राहिलं.

“या वयात कशाला हे?” मी विचारलं.

“डोकं गंजू नये म्हणून,” म्हणत त्या चपला घालून निघाल्यासुद्धा.

त्यांचा मुलगा महेश पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत. कधीतरी रविवारी यायचा. “कशी आहेस?” “बरी आहे.” मग तो पेपरात, ताई आतबाहेर.

अशाच एका रविवारी मी त्यांचं पातेलं परत द्यायला गेलो. महेश पेपर वाचत होता. ताई पदराला पीळ देत उभ्या.

“अरे, एक अडलंय. एका ‘इफ’च्या पोटात दुसरं ‘इफ’ असलं, तर ‘एल्स’ कुणाचं धरायचं?” ताईंचं ‘जर’ आणि ‘नाहीतर’च, फक्त इंग्रजीत.

पेपर खाली आला. “आई, हे तू कुठे शिकलीस?”

“तू दिवसभर काय करतोस, ते मला कळतच नव्हतं रे. बोलायचं तरी काय तुझ्याशी?”

महेशने पेपराची घडी घातली. मग खाटेवर सरकून त्याने जागा केली. “ये, बस. दाखवतो.”

मी पातेलं उंबऱ्यात ठेवून आलो. महेशची संध्याकाळची पुण्याची गाडी निघून गेली, तरी भिंतीपलीकडून दोघांचा वाद ऐकू येत होता.