गाडीची मान

बिरूआबा कोळपे नऊ वर्षांचे असताना चैत्रातल्या भर दुपारी त्यांनी आभाळात कुणी पीठ चाळत असल्यासारखा आवाज ऐकला, आणि त्या दुपारी खडकमाचीच्या रस्त्यावर पडलेला बर्फ आजतागायत वितळलेला नाही.

बर्फ फक्त रस्त्यावर पडला. ग्रामपंचायतीच्या पायरीपासून तो निघतो, तीन मैल सरळ जातो, चिंचेपाशी डावीकडे वळून खिंडीतून वरच्या वस्तीला पोचतो आणि तिथं संपतो. चिंचेपासून सरळ गेलं तर पाझर तलाव लागतो, तिथंही थोडा आहे. बांधाच्या पलीकडे नेहमीचं ऊन आणि कुसळं. बाया बांधावर बसून कलिंगडं गार करायला बर्फात ठेवतात. तलाठ्यानं कडेच्या प्रत्येक सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बर्फाची नोंद करून घेतली आहे, त्यामुळे त्याबद्दल कुणाची काही तक्रार नाही.

बर्फावर बैल बसतात आणि जीप घसरते, म्हणून सरकारनं बर्फावर चालणारी गाडी दिली. पुढे चाकांच्या जागी दोन लांब पाट, मागे रबरी पट्टा, वळवायला मोटारसायकलसारखं हँडल. मागं सहा माणसं बसतील अशी लाकडी घसरगाडी जोडलेली. गाव तिला 'थोरली' म्हणतं. बिरूआबा दुसरीपर्यंत शिकले, मग मेंढरं राखली, आणि गेली पस्तीस वर्षं थोरली चालवतात. ते कमी बोलतात आणि जे बोलतात ते इतकं सावकाश, की ऐकणाऱ्याची तंबाखू मळून होते.

तीन बुधवार झाले, थोरली चिंचेपाशी वळली नव्हती.

आबा हँडलाला छाती लावून रेटत, दंडाच्या शिरा फुगत, पण गाडी सरळ तलावावर जाई. मागं बसलेली माणसं उतरून तलाव पाहत आणि परत बसत. पंचायतीच्या वहीत 'प्रवासी तलाव पाहून परत' अशी नोंद होई. तिसऱ्या बुधवारी टपालवाल्यानं गळ बरोबर आणला होता.

खिंडीच्या वरच्या तोंडाशी मात्र आबांची थोरली बहीण हौसाक्का अंड्यांची पाटी घेऊन उभी असे. वस्तीवरची बाकीची माणसं खिंडीतून चालत खाली येत. हौसाक्काचा गुडघा गेला होता, आणि खिंडीत दोन्ही बाजूंना कडा, मधे नुसता बर्फ. दर बुधवारी तिनं गाडीनं खाली यावं, बाजारात अंडी विकावीत, दुपारी भावाकडं जेवावं आणि सांजच्याला परत जावं, हे बरीच वर्षं चाललेलं. दोघांचं आता दोघांशिवाय कुणी नव्हतं. पहिल्या बुधवारी गाडी सरळ गेली तेव्हा ती ओरडली, "आरं बिरू, हिकडं, हिकडं!" दुसऱ्या बुधवारी तिनं नुसता हात वर केला. तिसऱ्या बुधवारी ती पाटी शेजारी ठेवून दगडावर बसली होती आणि गाडीकडं बघतही नव्हती.

नियम असा होता की लागोपाठ चार बुधवार गाडी थांब्यावर गेली नाही तर थांबा रद्द. रद्द झालेला थांबा परत मिळवायचा तर नवा बर्फ पडल्याचा दाखला लागतो.

गुरुवारी सकाळी आबांनी थोरलीला शेडमध्ये घेतलं. पाटांच्या सांध्यातलं जुनं, काळं पडलेलं ग्रीस काढून नवं भरलं. दोन्ही पाट एकमेकांना समांतर आहेत का ते सुतळी ताणून पाहिलं. डावा पाट बोटभर आत वळला होता, तो सरळ केला. पाटांच्या तळाच्या लोखंडी पात्या झिजून वाकड्या झाल्या होत्या, त्या बदलल्या. पुढच्या स्प्रिंगा दोन आटे ढिल्या केल्या, म्हणजे नाकाचा भार पाटांवर कमी पडेल. याला शनिवारची संध्याकाळ झाली. मग त्यांनी हँडल धरून पाहिलं. फरक होता. पण तेवढ्यानं चिंचेपाशी वळणं होणार नव्हतं.

रविवारी त्यांनी पाटीवर लिहावं तसं मोठ्या अक्षरात अर्ज लिहिला. 'गाडीची मान जड झाली आहे. ती हलकी करून मिळावी.' तो घेऊन ते ग्रामसेवकांकडं गेले. ग्रामसेवक चौगुले भाऊसाहेब तालुक्याच्या गावचे, व्याकरणाला पक्के.

"आबा, यात चूक आहे," भाऊसाहेब म्हणाले. "'गाडीची मान' नाही. मान पुल्लिंगी. तो मान. 'गाडीचा मान जड झाला आहे.'"

"न्हाई भाऊसाहेब." आबांनी स्वतःच्या मानेवर हात ठेवला. "ही."

"तुमची ती ही असेल. गाडीला गळा आहे का?"

आबांनी बराच विचार केला. "हाय म्हनलं तर हाय," ते म्हणाले. तोपर्यंत भाऊसाहेबांनी लाल शाईनं 'ची'चा 'चा' केला होता आणि अर्ज सोमवारच्या ग्रामसभेपुढं लावला होता.

ग्रामसभेनं अर्ज गांभीर्यानं घेतला. सरपंच मंदाताई म्हणाल्या, "गाडीला मान जड झालाय हे खरंच हाय. आपनच दिला. दर दसऱ्याला काय ना काय चढवत गेलो."

"कमी करायचा तर बेतानं करा," एक म्हातारी म्हणाली. "येकदम काढला तर रुसंल. माझी थोरली सून तशीच रुसली."

"सून आणि गाडी वेगळ्या बाबी आहेत," भाऊसाहेब म्हणाले.

"तुमाला दोन्ही न्हाईत, तुमाला काय ठावं!"

हशा ओसरल्यावर ठराव झाला. गाडीचा मान जड झाल्याचे निदर्शनास आल्याने तो कमी करण्यात यावा. गाडीला यापुढे थोरली न म्हणता नुसते गाडी म्हणावे. तिच्यापुढे चप्पल काढू नये. तिच्या अंगावरचा मान उतरवून पंचायतीत जमा करावा.

मंगळवारी सकाळी मान उतरवला. नाकावरची पितळी घंटा निघाली. सगळ्या माजी सरपंचांची नावं कोरलेला लोखंडी फलक निघाला. पस्तीस दसऱ्यांचे नारळ एका पोत्यात पुढं बांधलेले होते, ते निघाले. तांब्याचा कळस, दोन समया, आणि कुणी कधी बसवलं ते कुणालाच आठवेना असं एक दगडी जातं निघालं. भाऊसाहेबांनी प्रत्येक वस्तू वहीत मांडली. नाक वर उचललं गेलेलं सगळ्यांनी पाहिलं.

"चल गं गाडे," आबांना ठरावाप्रमाणं म्हणायचं होतं. ते खाली वाकले आणि हलकेच म्हणाले, "थोरले, मनावर घिऊ नगं." मग त्यांनी हँडल फिरवलं. ते दोन बोटांनी फिरलं.

"झालं की!" भाऊसाहेब म्हणाले. "एका अक्षराचा फरक असतो, आबा."

पण गाडी नुसती निघत नसते. मानकरी पुढं बसल्याशिवाय तिनं पंचायतीची पायरी सोडायची नाही. मानकरी म्हणजे गुलाबतात्या जगदाळे. ते आले, धोतर सावरून नाकावरच्या फळीवर पाटांच्या बरोबर वर बसले, आणि नाक होतं तिथं खाली गेलं. चाचणीला म्हणून आबांनी चिंचेपर्यंत गाडी नेली. गाडी वळायला लागली, मैलाच्या दगडापर्यंत वळली, आणि तिथून सरळ तलावावर गेली. तात्यांनी तलाव पाहिला. "पानी उतरलंय," ते म्हणाले.

परत आल्यावर आबांनी भाऊसाहेबांना विचारलं.

"ठराव गाडीच्या मानाचा होता," भाऊसाहेब म्हणाले. "तात्यांचा मान हा माणसाचा मान. त्याला वेगळा अर्ज. पुढची सभा श्रावणात."

दुपारी आबा तात्यांच्या ओसरीवर जाऊन बसले. तात्या अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. चहा आला. चहा संपला.

"बोल की बिरू," तात्या म्हणाले. "बुधवार उजाडंल."

"गाडीची मान हलकी झाली, तात्या."

"मग बरं झालं."

"जरा ऱ्हायलीया."

"ऱ्हायलेली कुठं हाय?"

आबांनी तात्यांकडं पाहिलं आणि मग खाली पाहिलं. अडकित्ता थांबला.

"माझ्या बापानं त्या बर्फात पयलं पाऊल टाकलं," तात्या म्हणाले. "सगळं गाव बांधावर हुभं. कुनाची टाप नव्हती. चिंचंखाली ते पाऊल अजून हाय, पंचायतीनं भवतीनं दगडं लावल्यात. तवापासनं पुढची फळी आमची. आन तू मला मागं बस म्हन्तोस? टपालवाल्याच्या शेजारी?"

"त्यो मानूस चांगला हाय."

"चांगला असंल. पन पुढं न्हाई बसत!"

आबा उठले. ओसरीच्या पायरीवर गेले आणि तिथं थांबले. तात्यांना वाटलं ते चपला घालताहेत. पण चपला पायात होत्या.

"तात्या, वडलांच्या आदी बी येक पाऊल हाय त्यात."

"कुनाचं?"

"बारकं हाय," आबा म्हणाले, आणि घरी गेले.

बासष्ट वर्षांत ते हे कुणाला बोलले नव्हते. त्या दुपारी पीठ चाळल्याचा आवाज थांबला तेव्हा मेंढरं चिंचेखाली होती आणि एक कोकरू रस्त्यावर पांढऱ्यात रुतून ओरडत होतं. बिरू बांधावर नुसता रडत होता. हौसा बारा वर्षांची. तिनं लुगड्याचा ओचा खोचला, अनवाणी उतरली, कोकरू काखेत मारलं आणि वर आली. "भाकरीच्या पिठावानी हाय रं," ती म्हणाली, "पन चटका बसतोय." गाव जमलं ते त्यानंतर.

बुधवारी सकाळी सगळं नेहमीप्रमाणं झालं. मागं टपालवाला गळ घेऊन बसला, वस्तीवरची दोन माणसं बसली, आणि भाऊसाहेब थांबा रद्द झाल्याची नोंद जागेवरच करता यावी म्हणून वही घेऊन बसले. तात्या आले. फळीवर बसले. नाक खाली गेलं. गाडी निघाली.

तीन मैल संपत आले. चिंच दिसायला लागली. खिंडीच्या वरच्या तोंडाशी दगडावर हौसाक्का बसलेली दिसली, पाटी मांडीवर.

चिंचेच्या अलीकडं आबांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"काय न्हाई."

"बिघाड?"

"न्हाई."

"मग थांबलात का? सरळ जा, नोंद करून मोकळे होऊ."

"म्या सरळ जानार न्हाई," आबा म्हणाले. ते नेहमीच्याच सावकाशीनं म्हणाले, पण हात हँडलावर ठेवून.

भाऊसाहेबांनी वही उघडली. वळली आणि वळली नाही असे दोनच रकाने होते. थांबली याला रकाना नव्हता. त्यांनी पेनचं टोपण लावलं.

"किती वेळ थांबनार?" टपालवाल्यानं विचारलं.

"माज्याकडं भाकरी हाय," आबा म्हणाले.

ऊन वर आलं. बांधापलीकडं एक होला घुमत होता. टपालवाल्यानं टपालाची पिशवी डोक्याखाली घेतली. तात्या फळीवर ताठ बसले होते, पाठ सगळ्यांकडं. ते समोर बघत नव्हते. डाव्या हाताला, चिंचेच्या मुळाशी पंचायतीनं लावलेले चुन्याचे दगड होते आणि त्यांच्या मधे त्यांच्या वडलांच्या पायताणाची खूण, काल उमटवावी तशी. दर वर्षी ते तिथं फूल वाहत. दगडांच्या बाहेर, पुढच्या बाजूला दोन हातांवर आणखी एक खूण होती. पंचायतीच्या यादीत ती 'इतर, बहुधा कोल्हा' अशी होती.

तात्या फळीवरून उतरले. नाक चार बोटं वर आलं. आबांच्या हातात हँडल आपोआप सैल झालं, पण त्यांनी ते फिरवलं नाही.

तात्या दगडांपाशी गेले, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले. खुणेला पाच बोटं होती. अंगठा जरा बाहेरच्या बाजूला होता. त्यांनी आपला पंजा उघडून खुणेवर धरला, टेकवला नाही. पंजापेक्षा पाऊल लहान होतं. मग त्यांनी मान वर करून खिंडीच्या तोंडाकडं पाहिलं.

हौसाक्का दगडावरून उठली होती. तिनं पाटी या कमरेवरून त्या कमरेवर घेतली.

आबांनी इंजिन चालू केलं आणि हँडल डावीकडं घेतलं. ते दोन बोटांनी फिरलं. पाटांनी बर्फात नवी रेघ ओढली, हातभर, खिंडीच्या दिशेनं. भाऊसाहेबांनी पेनचं टोपण काढलं.

तात्यांनी ते पाहिलं. रिकामी फळीही पाहिली. मग त्यांनी पायातलं पायताण काढून हातात घेतलं, धोतराचा सोगा खोचला आणि गाडीच्या पुढं येऊन उभे राहिले. गाडीपुढं असणं हे मानकऱ्याचं कामच असतं, आणि बसूनच असावं असं कुठं लिहिलेलं नाही. बर्फाचा चटका बसला असावा, कारण त्यांनी एकदा पाऊल उचलून परत ठेवलं.

मानकऱ्याच्या मागं दहा पावलं राखायची असतात. आबा हँडल धरून मोजत थांबले, आणि तात्या अनवाणी खिंडीकडं चालत गेले.