अंताजी कासवाच्या हृदयाची बढती

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी हृदयाचे ठोके तपासणारी पट्टी पायात बांधून हिंडत. ठोक्यांचा ताल चुकला की पट्टी थरथरे आणि तिच्यावर लाल दिवा लागे. पट्ट्या माकडांनी शहरातून आणल्या होत्या.

नदीकाठी निवृत्त प्राण्यांचा कट्टा होता. तिथे उन्हातला सपाट दगड एकच. पूर्वी तो मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्याला मिळे. पट्ट्या आल्यापासून, ज्याचा दिवा सगळ्यांत लाल त्याला.

अंताजी कासव सिंहाच्या कचेरीत कारकून म्हणून लागला आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाला. कट्ट्यावर त्याची जागा चिखलात. त्याचा दिवा कायम हिरवा.

"तुमचं बरं आहे, अंताजी. तुम्हाला काहीच नाही," साळिंदर दगडावरून म्हणे.

इतका अपमान साहेबानेही कधी केला नव्हता.

एके सकाळी अंताजीच्या छातीत मासोळी उलटल्यासारखं झालं. पट्टी थरथरली. दिवा लाल.

"अहो, आत्ताच्या आत्ता वैद्यांकडे चला," कासवीण म्हणाली.

"जाऊ की. आधी कट्ट्यावर दाखवून येतो."

वाटेत डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी पट्टीचा पाय त्याने कवचात ओढला नाही. कोणी भेटलं तर दिवा दिसायला हवा.

साळिंदराने दिवा पाहिला आणि दगड सोडला. "बसा, अंताजीराव."

जन्मात पहिल्यांदा 'राव' लागलं. अंताजी दगडावर चढला आणि बेशुद्ध पडला.

"काय रंग आहे दिव्याचा," कोणीतरी कौतुकाने म्हणालं.

तेवढ्यात कासवीण करकोचा वैद्याला घेऊन आली. वैद्याने मुळी चाटवली. अंताजीने डोळे उघडले.

"थोडक्यात वाचलात," वैद्य म्हणाला. "ही मुळी रोज घ्या. ठोके सुरळीत होतील."

"पूर्ण सुरळीत?"

"पूर्ण."

दगडावर ऊन छान लागत होतं. अंताजी हळूच म्हणाला, "वैद्यबुवा, थोडा बिघाड शिल्लक ठेवता येईल का? जिवाला धोका नको. दिवा लागेल इतपत."

कासविणीने मुळी त्याच्या तोंडात कोंबली.

जाता जाता वैद्याने साळिंदराची पट्टी पाहिली. ती सैल होती. घट्ट करताच तिचा दिवा हिरवा झाला. वैद्याची पाठ वळली तशी साळिंदराने ती पुन्हा सैल केली.

आठवड्याभरात अंताजी ठणठणीत होऊन चिखलात परतला.

तात्पर्य: आजार वेळीच कळला तर जीव वाचतो. मान हवा असेल तर मात्र दुसरा मार्ग शोधावा. कारकुनांना तो अजून सापडलेला नाही.