अठ्ठावन्न निबंध आणि चार हजार उंदीर

इसोगाई सेन्सेईंच्या, म्हणजे इसोगाई सरांच्या, हातून घोटाळा होणं शक्यच नव्हतं! असं ते स्वतःच सांगत. बायकोला, विद्यार्थ्यांना, लिफ्टमध्ये भेटेल त्याला. जपानमधल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात यकृतावर संशोधन करत त्यांनी अकरा वर्षं सहयोगी प्राध्यापक म्हणून काढली होती, आणि आज दुपारी दोन वाजता निवड समिती प्राध्यापकपदाचा निकाल लावणार होती. जागा एकच. ती हुकली, तर सात वर्षांनी लहान असलेल्या दुसऱ्या उमेदवाराच्या, हिराइवाच्या हाताखाली, त्याला रोज कमरेत वाकून नमस्कार करत निवृत्तीची वाट बघायची!

नेमकं आज सकाळीच प्रयोगात गेलेल्या उंदरांचं वार्षिक श्राद्ध होतं, आणि यंदा भाषणाचा मान इसोगाईंचा.

"डाव्या खिशात उंदरांची माफी, उजव्या खिशात समितीसाठी माझी कामगिरी," कोट चढवताना त्यांनी बायकोला बजावलं.

"दोन्ही कागद सारखे, घड्याही सारख्याच," चिझुरु म्हणाली. "कोट झटकताना बाहेर काढले होते. परत ठेवलेत हं."

"तू ठेवलेस म्हणजे प्रश्नच मिटला!" म्हणत सेन्सेई निघालेसुद्धा.

महाविद्यालयामागच्या स्मृतिशिळेपुढे उदबत्त्या जळत होत्या. वाटीत उंदरांचं रोजचं खाद्य ठेवलं होतं. भिक्षूंनी घंटा वाजवली आणि डीन कुरुसुंसकट दोनशे माना खाली गेल्या. सेन्सेईंनी डाव्या खिशातला कागद उलगडला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"एकूण शोधनिबंध अठ्ठावन्न!"

हा तर समितीचा कागद! पण दोनशे माणसं मान खाली घालून उभी असताना खिसे चाचपणार कसे?

"हे अठ्ठावन्न... हे तुमच्यामुळे झाले!" त्यांनी शिळेला सांगितलं. "जगभरच्या संशोधकांनी त्यांचा दोन हजार एकशे चाळीस वेळा उल्लेख केला. म्हणजे... तुमचाच केला! दोन पदकं मिळाली. तीही... तुमचीच!"

मागून एक हुंदका आला. उंदीरघर सांभाळणाऱ्या ओबाता-सानना पदकांचं ऐकून रडू आवरेना.

"तीस वर्षं येतोय मी," भिक्षू म्हणाले. "आपल्या मरणाचं पुढे काय झालं, हे या जीवांना आज पहिल्यांदा कुणी सांगितलं!"

डीननी चष्मा काढून डोळे टिपले. इसोगाईंचे पाय जमिनीला लागेनात. खुर्ची आता आपलीच!

"इसोगाई-कुन," डीन म्हणाले, "निवड करताना आपण नुसते निबंध मोजत बसलो. एका निबंधामागे किती जीव गेले, तेही मोजायला हवं. आज दुपारपासूनच!"

"अगदी माझ्या मनातलं बोललात!" इसोगाई म्हणाले. माणसाने इतक्या घाईने हो म्हणू नये.

दोन वाजता समितीपुढे ओबाता-साननी पिंजऱ्यांची जाडजूड वही उघडली.

"इसोगाई सेन्सेई, चार हजार तीनशे बारा."

"भागिले अठ्ठावन्न," डीन पुटपुटले. "एका निबंधामागे चौऱ्याहत्तर उंदीर? अरेरे! आणि हिराइवा-कुन?"

"एकही नाही. ते यीस्टवर काम करतात."

समितीच्या पाचही सदस्यांनी हिराइवाकडे असं पाहिलं, की जणू तो आता कुठल्याही क्षणी तेजोवलयासह वर उचलला जाईल.

"अहो, यीस्टलाही जीव असतो!" इसोगाई किंचाळले. "हा माणूस सकाळच्या चहाआधी अब्जावधी मारतो! अब्जावधी!"

"ओबाता-सान, वहीत तशी नोंद आहे?"

"यीस्टला पिंजरा नसतो, कुरुसु सेन्सेई."

हिराइवाने नम्रपणे मान खाली घातली. तीन मिनिटांत तो प्राध्यापक झाला, आणि इसोगाईंनी त्याच्यापुढे कमरेतून पहिला नमस्कार घातला. पाठीतून कट्‌ असा आवाज आला.

डीननी ही नवी मोजणी दोन पानांच्या टिपणात छापली. वर्षभरात तिचा उल्लेख दोन हजार तीनशे वेळा झाला. इसोगाईंच्या अठ्ठावन्न निबंधांची जन्माची कमाई त्या दोन पानांनी मागे टाकली! सेन्सेईंनी लेखकांची नावं पाहिली. कुरुसु आणि हिराइवा. बस्स! अगदी तळाला मात्र बारीक अक्षरांत आभार मानले होते. आधी उंदरांचे, मग ओबाता-सानचे, आणि ओळीत थोडी जागा उरली म्हणून असावेत, इसोगाईंचे.