तटस्थांनी घेतलेला समाचार

वाराझ्दिन गावात फ्रान्यो झिडारिच मास्तरांनी लिहिलं नाही असं काही उरलंच नव्हतं. कविता, कादंबऱ्या, चर्चची भजनं, झालंच तर मधमाशा पाळण्यावर एक पुस्तक. शिवाय गावच्या साप्ताहिकात ते ‘तटस्थ’ या नावाने पुस्तकांवर टीका लिहीत. तटस्थ म्हणजे मास्तरच, हे फक्त संपादक गाश्पार आणि मास्तरांची बायको येलिसावा यांना ठाऊक. तटस्थांनी आजवर कुणालाही चांगलं म्हटलं नव्हतं, त्यामुळे गावात त्यांना भलताच मान होता.

अकरा वर्षं खपून मास्तरांनी पाच अंकी नाटक लिहिलं. कार्निव्हलच्या सणाला ते करायचं की नेहमीचा जर्मन फार्स, हे वाचनालयाची समिती महिनाअखेरच्या गुरुवारी ठरवणार होती. आपली माणसं आपल्या भाषेत रंगमंचावर बोलताना एकदा ऐकावीत, मग डोळे मिटले तरी चालतील, एवढंच मास्तरांचं मागणं होतं.

“काळजी सोड,” ते बायकोला म्हणाले. “तटस्थ आहे ना आपला!”

“त्या तटस्थाने एकाएकी कौतुक केलं तर शेंबडं पोरही ओळखेल.”

“म्हणूनच दोन भागांत लिहितोय. या शनिवारी झोडपायचं, पुढच्या शनिवारी डोक्यावर घ्यायचं.”

“अहो, आपल्याच पायावर कुऱ्हाड कशाला?”

“कुऱ्हाड कसली, नुसती चापट मारणार आहे.”

बसले चापट मारायला. आता स्वतःच्या लिखाणातली खोट स्वतःइतकी कुणाला माहीत असते? यातला राजा भूगोलाच्या मास्तरासारखा बोलतो, नायिका मरायला दीड अंक घेते, विनोद ऐकून रडू येतं. लेखणी सुसाट सुटली. लिहून झाल्यावर मास्तरांनी लेख वाचला. लेख फर्मास होता आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मास्तर बराच वेळ खिडकीबाहेरचं धुकं बघत बसले. कौतुकाच्या भागाला मग तीन दिवस लागले, आणि तोही जेमतेम अर्धं पान झाला.

पहिला भाग शनिवारी छापून आला. गावाने चवीने वाचला. दुसऱ्या आठवड्यात गावचे जहागीरदार, म्हातारे काउंट वारले आणि गाश्पारने साप्ताहिकाची चारही पानं त्यांनाच वाहिली.

“माझं कौतुक कुठंय?” मास्तरांनी छापखाना गाठला.

“काउंटांचं झाल्यावर. गेलेल्या माणसाला थांब म्हणू का?”

“आणि इथे मी मरतोय त्याचं काय?”

“तुमचं येत्या शनिवारी.”

गुरुवार मात्र शनिवारच्या आधीच येतो. मास्तर पोचले तेव्हा समितीने जर्मन फार्स मुक्रर केला होता.

“आमचा नाइलाज झाला हो,” अध्यक्ष फादर ब्लाझ म्हणाले. “तटस्थांच्या पुढे आम्ही काय बोलणार?”

आता लाज कशाची धरायची? “फादर, तटस्थ मीच आहे,” ते म्हणाले.

फादरनी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“बसा मास्तर. पाणी घ्या. दुःखात माणूस काहीही बोलतो.”

“देवाशपथ सांगतो. गाश्पारला विचारा!”

“मागेच विचारलं होतं. टोपणनावामागचं नाव मरेपर्यंत सांगणार नाही म्हणाला. बाणेदार माणूस आहे.”

“अहो, तो लेख माझ्या हाताने लिहिलाय मी.”

“मास्तर,” फादर अगदी मायेने म्हणाले, “मी तो लेख तीनदा वाचला. लिहिणारा भाषेचा बादशहा आहे. आणि तुम्हाला धड चार ओळी लिहिता येत नाहीत, हे तर त्याने त्यातच सिद्ध केलंय.”

समितीने माना डोलावल्या. या बोलण्यात कुठे खोट सापडते का, हे मास्तरांनी सवयीप्रमाणे तपासून पाहिलं. सापडली नाही.