सगुणामावशींचा उलटा भाव

आमच्या बिल्डिंगमधल्या सगुणामावशी भोईर झाड तोडणाऱ्याशी भाव करायला लागल्या की आकडा वर जातो.

तुमचा गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, बाई उदार वगैरे अजिबात नाहीत. अंबरनाथ पूर्वेच्या भाजीबाजारात त्या लांबून दिसल्या की कोथिंबीरवाली चांगल्या जुड्या गोणपाटाखाली सरकवते. दहाची जुडी सातला घ्यायची, वर चार मिरच्या आणि कढीपत्त्याची काडी फुकट उचलायची, आणि सगळं पिशवीत गेल्यावर "जुडी सुकलीय तुझी" म्हणून आणखी एक रुपया परत मागायचा, असा त्यांचा शिरस्ता. एकदा जावयाला जीन्स घ्यायची म्हणून मला उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये घेऊन गेल्या. साडेआठशेची पँट तीनशेला मिळाली तेव्हा दुकानदाराने त्यांना हात जोडले होते आणि मी लाजून रस्त्यावर जाऊन उभा होतो. पण झाड तोडणारा माणूस समोर येऊ दे. तो बारा हजार म्हणाला की ह्या अठरा म्हणतात.

हे मला कळलं आमच्या जांभळामुळे.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. सोळा फ्लॅट, तीन मजले, लिफ्ट नाही, आणि हे पद घ्यायला दुसरं कोणी तयार नाही, एवढीच माझी पात्रता. कंपाउंडच्या कोपऱ्यात बिल्डिंगपेक्षा जुनं जांभळाचं झाड आणि त्याच्याखाली चेअरमन शिर्क्यांची नवी पांढरी गाडी. जांभळं पिकली की त्या गाडीचं काय होतं ते सांगायला नको, आणि जांभळं खाऊन पक्षी जे करतात ते तर नकोच नको. शिर्क्यांनी झाड काढायचा ठराव आणला. कारण लिहिलं, ‘मुळांमुळे भिंतीस धोका’. भिंतीला तडा गेला होता हे खरं, पण गाडी येईपर्यंत पाच वर्षं तो कोणाला दिसला नव्हता.

आता आमचा नियम असा की पंचवीस हजारांपर्यंतचा खर्च कमिटी आपल्या अखत्यारीत करू शकते. त्याच्या वर गेलं की सर्वसाधारण सभा. आमच्या सभेने बिल्डिंगचा रंग ठरवायला दोन वर्षं घेतली आणि बिल्डिंग अजून पुढून पिवळी, मागून सिमेंटची आहे. म्हणजे झाडाचा खर्च पंचवीसच्या आत बसला तर झाड जाणार, वर गेला तर आमच्या हयातीत त्याला कोणी हात लावणार नाही. हे लहान पोरालाही कळत होतं.

पहिला ठेकेदार उल्हासनगरहून आला. स्कूटरवरून उतरलाही नाही. मोबाइलने झाडाचा फोटो काढला आणि म्हणाला, "बारा हजार. लकडी हमारी. कल सुबह आके खतम."

शिर्के खूश. तेवढ्यात तळमजल्याच्या खिडकीतून आवाज आला, "बघून बोल!"

मावशी बाहेर आल्या. साठी उलटलेली, ठेंगणा बांधा, पदर कमरेला खोचलेला, हात पिठाचे.

"वर बघ. वायर दिसते?"

"दिखती है, आंटी."

"मग लाइट कोण बंद करणार, तुझा बाप? अर्ज करा, त्यांचा माणूस येणार, अर्धा दिवस खोटी. ते धरलंस?"

"नहीं, वो..."

"धर. गल्ली बघितलीस? रिक्षा वळताना दोनदा मागे घेतात. तुझी क्रेन काय गच्चीवरून येणार? म्हणजे माणूस चढवायला लागणार. एका बाजूला भिंत, एका बाजूला पत्र्याची शेड. झाड सरळ पाडायला जागा हाय? नाय. म्हणजे एकेक फांदी दोराला बांधून खाली सोडायची. एकाचं काम तिघांचं झालं. धर. जांभळाचं ओलं लाकूड उचललंयस कधी? टेम्पोच्या दोन खेपा. आणि बुंधा ठेवणार का काढणार?"

"बुंधा मतलब?"

"मुळं रे बाबा, मुळं! त्याच्याखाली गटाराचा पाइप हाय. खणताना फुटला तर सोळा घरांची घाण कोण भरणार? धर."

तो बिचारा प्रत्येक ‘धर’ला मोबाइलवर आकडा वाढवत होता. एकोणीस झाले, बावीस झाले. बावीसला तो जरा रेंगाळला तर मावशींनी त्याला चहा पाजला आणि अठ्ठावीसवर नेऊन सोडलं. जाताना त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "साहब, ये आंटी किस की साइड में है?"

"वही तो हमको भी मालूम करना है," मी म्हटलं.

बिल्डिंगने मात्र आपापल्या परीने ते ठरवून टाकलं. दुसऱ्या मजल्याच्या मते मावशी त्या झाडात देव मानतात. तिसऱ्या मजल्याच्या मते त्या पर्यावरणवाल्या आहेत. बातमी पसरत पसरत कॉलेजच्या एका वृक्षप्रेमी मंडळापर्यंत गेली आणि त्यातल्या दोन मुली शाल घेऊन आल्या. त्यांना मावशींचा झाडाला मिठी मारलेला फोटो हवा होता. "मुंगळे हायत त्याला," मावशी म्हणाल्या. "तूच मार. मी तुझा फोटो काढते." शाल मात्र ठेवून घेतली.

मला ते देवाचं काही पटत नव्हतं. देव मानणारी बाई अंगण झाडताना देवाला रोज शिव्या कशाला देईल? आणि अंघोळीच्या पाण्याला लाकडं हवीत म्हणून त्याच झाडाची वाळकी फांदी त्यांनी माझ्यादेखत ओढून काढली होती.

पण झाड दिसलं की रेट काढायचा हा रोग त्यांना होताच, आणि तो कुठेही उपटायचा. बदलापूरला एका लग्नात अक्षता पडत असताना त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "तो नारळ बघ. मांडवावर वाकलाय. आधी मांडव काढावा लागेल, मांडवाचे वेगळे." शिर्क्यांचे वडील गेले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले. मावशींची नजर खिडकीबाहेर. "शेवगा दिसतो. लाकूड ठिसूळ, चढणाऱ्याने जीव मुठीत धरून चढायचं. लोकांना वाटतं शेवगा म्हणजे स्वस्त." शिर्क्यांनी डोळे पुसता पुसता त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून आठवते.

ठेकेदार येत राहिले. मावशी कोणालाही पंचवीसच्या आत राहू देत नव्हत्या. शिर्केही हट्टाचे. त्यांनी रीतसर नगरपालिकेत अर्ज केला, पाहणी झाली, हरकती मागवणारी नोटीस झाडाला चिकटली. आता मावशी पहिली हरकत घेणार म्हणून सगळे वाट बघत होते. मावशींनी चष्मा लावून नोटीस वाचली. "परवानगीला पण पैसे लागतात," एवढंच म्हणाल्या. हरकत घेतलीच नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण सेक्रेटरी माणसाची अक्कल पावत्या फाडण्यातच संपते.

परवानगी आली आणि शिर्क्यांनी डाव टाकला. मावशी दोन दिवस बदलापूरला लेकीकडे गेल्याबरोबर त्यांनी बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरचा जानू नावाचा माणूस गाठला. चाळिशीचा, काटक, बोलायला कमी. नऊ हजार म्हणत होता. शिर्क्यांनी त्याला सातवर आणलं, कागद केला, मी सही केली. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं होतं. एकदाचं प्रकरण मिटत होतं.

रविवारी सकाळी जानू अनवाणी चढला. कमरेला कोयता, खांद्याला करवत. तो पहिल्या बेचक्यात पोचतो न पोचतो तोच फाटकाशी रिक्षा थांबली आणि मावशी उतरल्या. लेकीकडे कोणी निरोप दिला देव जाणे.

"उतर!"

सगळी बिल्डिंग गॅलरीत आली. शिर्के पुढे झाले. "मावशी, हे बघा, परवानगी. तीन महिने खेटे घातलेत मी. झाड आज पडणार म्हणजे पडणार."

"पडू दे की. मी कुठे नको बोलते? पण सात हजारात नाय पडणार."

शिर्के गडबडले. "म्हणजे तुम्हाला झाड वाचवायचं नाहीये?"

"झाड घेऊन मला काय करायचंय? एऽ, तुझा दोर कुठाय?"

वरून जानू म्हणाला, "दोरवाला मानूस सायबांनी नको सांगला. येकट्यानं जमंल, मावशे."

"आणि कमरेचा पट्टा?"

जानू नुसता हसला.

मावशींनी हातातली पिशवी बुंध्याशी ठेवली आणि जानू जी फांदी कापणार होता तिच्या बरोबर खाली जाऊन उभ्या राहिल्या. "टाक आता. माझ्या डोक्यात टाक. बघू चेअरमनचे किती वाचतात ते."

शिर्क्यांनी दटावलं, विनवलं, पोलिसांचं नाव काढलं. मावशी हलल्या नाहीत. शेवटी जानूच मुकाट्याने उतरला.

"लिही, सेक्रेटरी," मावशी म्हणाल्या. "चढणारा एक. खाली दोर धरायला दोन माणसं, चांगली वजनदार. पट्टा. नवा दोर, जुना चालणार नाय. लाइट बंद करायचे, टेम्पोचे, बुंध्याचे. सगळे मिळून चोवीस."

"अहो, पण त्याने स्वतःच सात सांगितलेत!" शिर्के ओरडले.

"घरातला तांदूळ संपला की माणूस सात पण सांगतो आणि पाच पण सांगतो. तुम्ही घेता काय?"

"तुम्हाला हे पंचवीसच्या वर नेऊन लटकवायचंय. मी ओळखून आहे."

"चोवीसच्या वर एक रुपया नाय. वर गेलं की तुमची सभा बसणार, आणि हा बाबा उद्या दुसऱ्या कोणाकडे सात हजारात चढणार. मग मी कुठे कुठे जाऊन उभी राहू?"

मला त्या क्षणी माझ्या सहीची लाज वाटली. मी म्हटलं, "शिर्केसाहेब, चोवीसचा कागद करा. नाहीतर हे सेक्रेटरीपद आत्ता घ्या." पद घ्यायला कोणीच नसल्यामुळे धमकी लागू पडली.

संध्याकाळी मी मावशींच्या घरी गेलो. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, "मावशी, एवढं सगळं तुम्हाला कसं माहीत?"

"नवऱ्याने शिकवलं. खाटेवर पडून."

त्यांचे यजमान, दत्ताराम, बदलापूरच्या बाजूला झाडं तोडायला जायचे. जमीन विकली गेल्यावर तेच काम उरलं होतं. एका बंगल्यातला आंबा काढायचा होता. हजार रुपये आणि खालच्या माणसाचे अडीचशे. मालक म्हणाला, खालचा माणूस कशाला? दत्ताराम तिथूनच परत फिरले होते.

"मी अडवला त्याला," मावशी म्हणाल्या. "बरोबर गेले होते ना, डबा घेऊन. लेकीच्या शाळेचे भरायचे होते. मी बोलले, घ्या की. अडीचशेसाठी काम कशाला घालवता, दोर मी धरते."

त्यांनी तांदळातला खडा काढून बाजूला टाकला.

"फांदी सुटली तसा दोर मला घेऊन वर निघाला. हात सोलले. मी दोर सोडला. फांदी फिरली ती त्याच्या छातीवर. अकरा वर्षं खाटेवर होता. मला एका शब्दाने बोलला नाय कधी. खिडकीतून झाडं दिसायची, तर नुसते रेट सांगायचा. हे एवढ्याला, ते तेवढ्याला, ह्याला दोन माणसं पाहिजेत. बोलायला दुसरं काय होतं आमच्याकडे? तो स्कूटरवाला आला ना, तो काय स्वतः चढणार होता? हजार टेकवून असल्याच कोणाला चढवणार होता. म्हणून अठ्ठावीसवर नेऊन घालवला त्याला."

मग त्या मला चहा घे म्हणाल्या.

पुढच्या रविवारी काम झालं. जानूच्या कमरेला पट्टा होता, खाली त्याच्या पाड्यावरचे दोन दांडगे गडी. फांद्या एकेक करून दोराने खाली येत होत्या. झाड उतरताना मला वाईट वाटलं. इतकी वर्षं पायाखाली तुडवलेली जांभळं आता मिळणार नाहीत, हे तेव्हा ध्यानात आलं. मावशी सकाळपासून उन्हात उभ्या होत्या. मी खुर्ची आणली, ती त्यांनी बाजूला सारली. मध्येच दोरवाल्यांपैकी एक जण कपाळावरचा घाम पुसता पुसता म्हणाला, "मावशे, जरा टोक धर गं, पानी पितो." मावशींनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि चार पावलं मागे सरकल्या. टोक मी जाऊन धरलं.

तीनच्या सुमाराला जानू उतरला. भिंतीला ओरखडा नाही, पत्र्याला पोचा नाही. शिर्के गाडीभोवती फेरी मारून आले आणि त्यांना राहवेना.

"बघितलंत मावशी? काही झालं नाही. कसा अलगद उतरला. उगाच सतरा हजार जास्त घालवले तुम्ही."

मावशी जानूकडे बघत होत्या. तो दोन्ही पायांवर उभा राहून तांब्याने पाणी पीत होता.

"अलगद उतरला ना?" त्या म्हणाल्या. "त्याचेच ते सतरा." आणि सकाळपासून उभ्या असलेल्या सगुणामावशी तिथेच भुशात खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या.